शाळेसाठी गावाने कर बसवावा का? आधी घरपट्टीचं रजिस्टर उघडा

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहे, पट ३४. यंदा निधीला कात्री लागली असं सांगून शाळेतली मदतनीस बंद केली आणि छपराची दुरुस्ती पुढे ढकलली. काही पालकांचं म्हणणं असं की ग्रामसभेत ठराव घेऊन दर घरामागे वर्षाला ५०० रुपये ‘शाळा कर’ बसवावा. गावात २१० घरं. विचारणाऱ्या ताईंची बहीण कॅलिफोर्नियात असते, तिच्या गावाने मतदान करून असाच कर लावून घेतला, मग आपल्याला का जमू नये? विरोधही आहे: ‘आमची मुलं त्या शाळेत नाहीत, आम्ही का भरायचं?’

मी सव्वीस वर्षं पंचायत सचिव होतो. सत्तरी, डिचोली आणि शेवटी फोंडा. शिकवण्यातलं मला फारसं कळत नाही. पैसा कुठून येतो, कुठल्या चोपडीत चढतो आणि कुठे अडकून बसतो, ते कळतं. तेवढ्याच बाजूने सांगतो.

ताई, तुम्ही दोन वेगळ्या जातीचे खर्च एका मागणीत बांधलेत. छप्पर एकदा केलं की दहा-पंधरा वर्षं बघावं लागत नाही. मदतनिसाला मात्र महिन्याच्या महिन्याला पैसे द्यावे लागतात, आणि मे महिन्यातही तिच्या घरी चूल पेटते. आता तुमचा हिशेब मांडू. २१० गुणिले ५०० म्हणजे एक लाख पाच हजार, तेही कागदावर. माझ्या अनुभवात नव्या पट्टीची पहिल्या वर्षी साठ-पासष्ट टक्के वसुली झाली तरी सचिवाने देवळात नारळ ठेवावा. म्हणजे हातात पासष्टेक हजार. मदतनिसाला महिना दहा हजार धरले तर वर्षाचे एक लाख वीस हजार होतात. छपराला काही उरत नाही आणि मदतनीस दिवाळीनंतर घरी. दुसऱ्या वर्षी वसुली आणखी खाली येते, कारण पहिल्या वर्षी ज्याने भरले त्याला शेजाऱ्याने भरले नाहीत हे एव्हाना कळलेलं असतं.

कायद्याचं म्हणाल तर, ग्रामसभेत तीनशे हात वर झाले तरी तेवढ्याने कर लागत नाही. राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कुठलाही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही. पंचायतीला कराचा अधिकार मिळतो तो कलम २४३-एच खाली राज्याच्या विधानसभेने दिला असेल तेवढाच. आपल्याकडे तो गोवा पंचायत राज कायदा, १९९४ मधून येतो. त्यात दिलेले कर, राज्याच्या नियमांनी घातलेल्या मर्यादेत आणि पंचायत मंडळाच्या ठरावाने. ग्रामसभा सुचवू शकते, आग्रह धरू शकते, सरपंचाला घाम फोडू शकते. कर मात्र तिच्या हातात नाही. आता लोक इथे एक गल्लत करतात. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे २९ विषय आहेत आणि त्यात प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण आहे. खरं आहे. पण त्यामुळे पंचायतीने शाळेवर खर्च करण्याला आधार मिळतो, नव्या नावाने कर लावायला मिळत नाही. खर्चाचा दरवाजा उघडा आहे, एवढं लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

‘कर नाही, ऐच्छिक वर्गणी म्हणू’ असं कोणीतरी सुचवेलच. त्यात मी स्वतः एकदा तोंडघशी पडलोय, म्हणून सांगतो. सत्तरीतल्या एका पंचायतीत शाळेच्या भिंतीला ओल येऊन फळ्याच्या मागचं प्लास्टर पडलं. मंडळाने घरटी २०० रुपये ठरवले. नाव ‘ऐच्छिक’. वसुली होईना म्हणून मी शहाणपणा केला: रहिवासी दाखला न्यायला येणाऱ्याला आधी वर्गणीची पावती विचारायला लागलो. महिनाभर पैसे छान जमले. मग एक म्हातारे गृहस्थ आले, काजूचा हंगाम होता, हाताला बोंडवांचा वास. नातवाला दाखला हवा होता. मी पावती विचारली. त्यांनी कनवटीचे दोनशे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “शाळेक दितां हांव, दाखल्याक दिवचो ना.” (शाळेला देतो, दाखल्यासाठी देणार नाही.) पैसे उचलले, सरळ गटविकास अधिकाऱ्यांकडे गेले. चूक माझीच होती. जमलेले सगळे पैसे परत करायचा आदेश आला आणि मी दोन रविवार पावतीपुस्तक घेऊन वाड्यावाड्यांवर हिंडलो. गंमत म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांनी पैसे परत घेतले नाहीत. ते म्हातारे तर मुळीच नाहीत. घरपट्टीची थकबाकी मागताना कायदा पाठीशी असतो. वर्गणी मागताना पाठीशी फक्त लोकांची मर्जी असते. दोन्हींची सरमिसळ केली की दोन्ही जातात.

आणखी एक गोष्ट, यात तडजोड नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाचं शिक्षण मोफत आहे. तुमच्या वर्गणीची यादी शाळेच्या दारात लागता कामा नये. कुणाच्या घरून आले, कुणाच्या घरून नाहीत, हे बाईंना कळण्याचंही कारण नाही. मधल्या सुट्टीतल्या भाजीपावाच्या रांगेत उभ्या पोराला ‘तुमचे यायचेत रे’ असं कोणी म्हणालं, तर त्या दिवशी तुमची योजना संपली असं समजा.

आता कॅलिफोर्निया. तिथल्या गोष्टीला इतिहास आहे. १९७८ मध्ये तिथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ संमत करून मालमत्ता कर किमतीच्या एक टक्क्यावर बांधून टाकला. शाळांचा स्थानिक पैसा आटला आणि त्यातून दर भूखंडामागे ठरावीक रकमेचा कर आला. तो लावायला दोन तृतीयांश मतं लागतात. बहुतेक ठिकाणी त्याला वर्षांची मुदत असते, ज्येष्ठांना सूट असते आणि खर्चावर नजर ठेवायला नागरिकांची समिती असते. या तीन गोष्टी आपण डोळे झाकून उचलाव्यात. बाकीचं नाही. तिथला शाळा-जिल्हा ही स्वतःचा पैसा उभा करणारी वेगळी संस्था आहे, शिक्षकाचा पगारही तीच देते. आपल्याकडे सरकारी शाळेतल्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो आणि तो तिथूनच यायला हवा. शिवाय गावच्या मालमत्तेवर शाळा चालवायची म्हटलं की काय होतं, हे कॅलिफोर्नियाच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सेरानो खटल्यात दाखवून दिलं: श्रीमंत वस्तीतल्या मुलाला जास्त, गरीब वस्तीतल्याला कमी, आणि हे समानतेच्या तत्त्वात बसत नाही. कांदोळीची पंचायत हॉटेलांच्या जिवावर शाळा सजवील. सत्तरीच्या डोंगरातल्या सुर्लाने काय करायचं?

म्हणून माझा पहिला सल्ला कर सोडून भलताच आहे. सरकारचं जे देणं आहे ते गावाने उचलू नका. एकदा उचललंत की ते परत सरकारच्या खांद्यावर जात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. ३४ मुलांना एकच असेल तर तिथे वर्गणीचा विषयच नाही, लेखी मागणी हवी. इमारत, पिण्याचं पाणी, मुलगे-मुलींचे वेगळे शौचकूप, तेही त्याच कायद्यात. मागणी कोणी करायची? शाळा व्यवस्थापन समितीने. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका असतात, आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचं कायद्याने दिलेलं काम आहे. मी पाहिलेल्या बहुतेक समित्यांचा आराखडा मुख्याध्यापक एका संध्याकाळी लिहितात आणि पालक सही करून चहा पितात. तुम्ही या वेळी बसून लिहा. छपराचं किती कौल फुटलं, कुठला वासा कुजला, फोटो तारखेसकट. भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे आवक क्रमांक घेऊनच द्या. आवक क्रमांक नसलेला कागद सरकारी कार्यालयात जन्मलेलाच नसतो.

याच ओघात तुमच्या पटाबद्दल. समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाला एकत्रित अनुदान मिळतं. पट ३१ ते १०० असेल तर २५ हजारांपर्यंत, ३० किंवा कमी असेल तर १० हजार. तुमचा ३४ आहे. चार मुलं बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, बसून शहरातल्या अनुदानित शाळेत गेली की पंधरा हजार गेले. तुमच्या सभेत ५०० रुपयांवर तीन तास भांडण होईल, आणि या चार मुलांबद्दल कोणी बोलणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर आधी अंगणवाडीतून यंदा किती मुलं बाहेर पडतात त्यांची नावं काढली असती आणि त्यांच्या घरी गेलो असतो.

सभेत कोणीतरी उठून म्हणेल, ‘आम्ही शिक्षणाचा कर आधीच भरतो.’ त्याला खाली बसवू नका, तो खरं बोलतोय. केंद्राने २००४ मध्ये दोन टक्के शिक्षण उपकर आणला, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी एक टक्का वाढवला, आणि २०१८ पासून प्राप्तिकरावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. उपकराचा पैसा राज्यांना वाटून दिल्या जाणाऱ्या करांत मोजत नाहीत, तो केंद्राकडेच राहतो आणि योजनांमधून खाली येतो. शेजारच्या महाराष्ट्रात शहरांतल्या मालमत्ता कराच्या बिलात १९६२ च्या कायद्याने आलेला शिक्षण कर असतो. म्हणजे कल्पना नवी नाही. पण हे सगळे विधिमंडळांनी केलेले कर आहेत, ग्रामसभांनी नव्हेत.

मग गावाच्या हातात काय? घरपट्टी. आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं अर्धं आयुष्य त्या रजिस्टरात गेलं.

तुमच्या पंचायतीत जा आणि घरपट्टीचं डिमांड रजिस्टर बघायला मागा. दाखवायला कुरकुर झाली तर माहिती हक्काखाली अर्ज करा: चालू मागणी किती, वसुली किती, थकबाकी किती. थकबाकीचा आकडा बघून तुम्हाला वाटेल की शून्य जास्त पडलाय. तसं नसतं. मग नोंदी वाचा. फोंड्यातल्या माझ्या शेवटच्या पंचायतीत एका पानावर ‘कौलारू घर, दोन खोल्या, मातीची भिंत’ असं लिहिलेलं होतं आणि त्या जागी तीन मजली इमारत उभी होती, खाली दोन दुकानं, वर भाडेकरू. मालक वर्षानुवर्षं दोन खोल्यांची पट्टी वेळेवर भरत होता, पावत्या सांभाळून ठेवत होता आणि अत्यंत प्रामाणिक चेहऱ्याने ‘माझी थकबाकी नाही’ म्हणत होता. तो खोटं बोलत नव्हता. आमचं रजिस्टर बोलत होतं. दुसऱ्या पानावर बाहेरच्या माणसाचा बंगला, वर्षातून पंधरा दिवस उघडा, बाकी वेळ पर्यटकांना भाड्याने. त्याचीही नोंद राहत्या घराची.

आम्ही एका पावसाळ्याआधी वाडावार फिरलो. मी, दोन पंच, आणि मापाची टेप धरायला शाळेतल्या मुलांचे बाप. बापांना घेण्यामागे हिशेब होता. घरमालकाला पंचाशी भांडता येतं. ज्याचं पोर गळक्या छपराखाली बसतं त्याच्याशी तेवढ्याच जोरात भांडता येत नाही. तीन रविवारांत मोजणी झाली. नोटिसा काढल्या, हरकती ऐकल्या, काही मापं आमचीच चुकली होती ती दुरुस्त केली. नवा कर एक पैशाचा नाही, दर तेच. वर्षअखेरीला वाढीव वसुलीतून शाळेचं छप्पर झालं आणि वर पंचायतीचं वीजबिल भागलं. पुढच्या वर्षी ती वाढ पुन्हा आपोआप आली. पाचशेच्या पट्टीला हे कधी जमत नाही.

एक काळजी घ्या. घर क्रमांक मिळाला, पट्टी लागली, म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असा आपल्याकडे समज आहे आणि काही लोक मुद्दाम तो समज वापरतात. शेतजमिनीवर किंवा कोमुनिदादीच्या (गावकीच्या सामायिक) जागेत उभं राहिलेलं बांधकाम या मोहिमेत पुढे आलं तर सचिवाला आणि मंडळाला त्यांच्या पद्धतीने निर्णय घेऊ द्या. शाळेच्या नावाखाली कुणाचं बेकायदा घर रजिस्टरात शिरलं असं व्हायला नको.

घरपट्टीत आणखी एक न्याय आहे. ती बांधकामाच्या आकाराने लागते. घरटी ५०० मध्ये बंगलेवाला आणि एका खोलीतली विधवा सारखेच भरतात. तुमच्या गावात हे कोणी बोललं नसेल तर तुम्ही बोला.

वाढलेला पैसा शाळेला मिळेल याची हमी काय? कायमची हमी नाही. पंचायतीच्या अंदाजपत्रकात शाळेच्या दुरुस्तीचं वेगळं शीर्षक घालून घ्या, रक्कम लिहून घ्या, आणि पंधरवड्याच्या बैठकीत ठराव होईल तेव्हा हजर राहा. मंडळ बदललं की हे सगळं पुन्हा करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

त्याशिवाय दोन खिडक्या. वित्त आयोगाचं अनुदान पंचायतीला येतं. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरण्यासाठी मोकळे. मोकळ्या पैशातून शाळेची भिंत होते, पगार होत नाही, पगार आणि आस्थापना खर्चाला तो वर्ज्य आहे. शाळेचे शौचकूप आणि पाण्याची टाकी तर बांधलेल्या हिश्श्यातूनही मागता येतात. काम मात्र ग्रामपंचायत विकास आराखड्यात चढलेलं हवं, नाहीतर सरपंच हसून ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतो. दुसरी खिडकी तुमच्या तालुक्यापुरती: जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ च्या दुरुस्तीने खाणपट्ट्यांकडून येणारा हा निधी खाणग्रस्त भागासाठीच आहे आणि शिक्षण त्यातल्या अग्रक्रमाच्या विषयांत आहे. डिचोलीत खाणीची धूळ कोणी खाल्ली नाही? गाव बाधित यादीत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. छपरासाठी मी हाच अर्ज सगळ्यात आधी करीन.

राहिली मदतनीस. इथे मी तुम्हाला सरळ उत्तर देऊ शकत नाही, कारण ती काय काम करत होती यावर सगळं आहे. झाडलोट असेल तर पंचायतीच्या सफाई कामगाराचा दिवसातला तासभर ठरावाने मागता येतो. लहान मुलांना सांभाळणं असेल तर अंगणवाडी त्याच आवारात आहे का ते बघा. शिकवायला मदत असेल तर विद्यांजली उपक्रमात स्वयंसेवक नोंदवता येतात, गावात निवृत्त शिक्षक असतोच. गावाच्या पैशातून पगारावर माणूस ठेवणं मी टाळतो. दोन वर्षांनी वसुली आटते तेव्हा जाऊन त्या बाईला ‘उद्यापासून येऊ नका’ सांगायचं काम समिती कधीच करत नाही, ते सचिवाच्या गळ्यात पडतं. ठेवायचंच असेल तर पूर्ण वर्षाचे पैसे बँकेत जमा झाल्यावरच, आणि मुदत तिला पहिल्याच दिवशी कागदावर देऊन.

ऐच्छिक पैसा जमवायला हरकत नाही, फक्त तो समितीच्या वेगळ्या खात्यात, वर्षाला हिशेब तपासून. आपल्याकडे चवथीच्या पावणीत, म्हणजे लिलावात, एक नारळ पाच हजाराला जाताना मी पाहिलाय. एक पावणी शाळेच्या नावाने घ्या. देवस्थानाकडून हवे असतील तर महाजनांची सभा आणि मामलेदारांची मंजुरी, हे विसरू नका. पोर्तुगीज अमलात बहुतेक मराठी शाळा सरकारने चालवल्या नाहीत. देवळाच्या अग्रशाळेत आणि लोकांच्या वर्गणीवर त्या चालल्या. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव सरकारी शाळा निघाल्या तेव्हा कुठे तो भार गावावरून उतरला. देणं आपल्या अंगात आहे. म्हणूनच ते सरकारने गृहीत धरू नये असं मला वाटतं.

आणि ‘आमची मुलं तिथं नाहीत’ म्हणणाऱ्यांचं काय? बऱ्याच सरकारी प्राथमिक शाळांत आता पटावर कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुलं मोठ्या संख्येने असतात. ती भाड्याच्या खोलीत राहतात. घरपट्टी भरणारा घरमालक वेगळा, त्याची मुलं दुसऱ्या शाळेत. ज्यांची मुलं या शाळेत, त्यांचं नाव बहुधा गावच्या मतदार यादीत नाही, म्हणजे ग्रामसभेत त्यांचा हातही नाही. विरोध येतो तो घरमालकांकडून. त्यावर भाषण करून उपयोग होत नाही. आमच्याकडे एका घरमालकाला एका पालकाने सभेतच विचारलं होतं, “तुमच्या चार खोल्यांचं भाडं येतं, ते कशामुळे? शाळा पायी पाच मिनिटांवर आहे म्हणून. ती बंद झाली की भाडेकरू कुठे जातील?” घरमालक उत्तर न देता बसला. मोजणीला मात्र त्याने दार उघडलं.

नियमित ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या रविवारी असतात. पुढच्या सभेला जाण्याआधी तीन आकडे काढा आणि इथेच टाका: यू-डायसवर (शाळांच्या सरकारी नोंदीत) नोंदलेला पट, शाळेत प्रत्यक्ष किती शिक्षक आहेत, आणि घरपट्टीची एकूण थकबाकी. गावाचं नाव टाकू नका. आकडे आले की ठरावाचा मसुदा मी लिहून देतो.